उद्घाटनाची सर्व्हिस

माझ्या धाकट्या मुलीचं, कलाबाईचं लग्न झालं ते साल १९८६. लग्नात व्याह्यांचा आणि कॉलेजात अध्यक्षांचा मान राखला, की जग सुरळीत चालतं, हे मला त्याच साली पक्कं समजलं.

धुळ्याच्या एका कॉलेजात मी जिमखान्याचा शिपाई होतो. व्हॉलीबॉल स्पर्धेची पहिली सर्व्हिस संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब करत. समोर सहा खेळाडू हात मागे बांधून उभे राहत, चेंडू आदराने जमिनीवर पडू देत, मग टाळ्या. अकरा वर्षांत नानासाहेबांनी सतरा चेंडू मारले. चार नेटवरून गेले, सतराही यशस्वी झाले. (नेट मी आदल्या दिवशी वीतभर खाली घेत असे. लेखी आदेश नव्हता. चांगल्या कामाला तो लागत नाही.)

त्या वर्षी आमच्या संघात शिंदखेड्याकडचा वाल्मीक होता. उद्घाटनाच्याच संध्याकाळी विद्यापीठाच्या संघाची निवड होती, आणि त्या संघात नाव लागलं की पोलीस भरतीत खेळाडूची जागा. त्याची आई भागाबाई लोकांच्या शेतात निंदायला जायची.

नानासाहेबांचा चेंडू त्या दिवशी चुकून चांगला गेला. वाल्मीकने तो दोन्ही हातांवर घेऊन सरळ परत पाठवला. चेंडू नानासाहेबांच्या बुटांपाशी पडला.

नानासाहेबांनी विचारलं, "हा पोरगा कोण?"

प्राचार्य म्हणाले, "चौकशी करतो साहेब."

(हा प्रश्न कौतुकानेही विचारता येतो, ही शक्यता पुढे कुठेही नोंदवलेली नाही.)

निवड थांबवून समिती नेमली. सव्वीस जबाब झाले. एकोणीस जणांना चेंडू जाताना दिसला, येताना दिसला नाही. पाच जण त्या वेळी पाणी पीत होते (पेला एकच होता). एकाच्या मते वारा होता. सव्विसावा मी. जबाबाआधी मी वाल्मीकला बाजूला घेतलं.

"लेका, हात मागे ठेवायला काय झालं होतं?"

"आबा, चेंडू मनाकडे उना. सोडी देवाले तो काय इच्चू शे?"

"माफी लिहून दे. मोठ्या माणसाशी खेळत नसतात."

"मंग त्यास्नी मारा कसाले?"

खेळायचं नव्हतं तर साहेबांनी चेंडू मारला कशाला, हाच प्रश्न त्याने समितीलाही केला. समितीकडे उत्तर नव्हतं, म्हणून उद्धटपणा सिद्ध झाला. यादीतून नाव गेलं. मी नेटची गाठ बघत होतो, असं मी लिहून दिलं. सही करायला मी चाळिशीनंतर प्रौढ वर्गात शिकलो होतो. तिचा पहिला मोठा उपयोग हा.

पुढे दर वर्षी नानासाहेब विचारत, "तो पोरगा दिसत नाही?" आणि साहेबांचा राग अजून गेला नाही असं समजून बंदोबस्त वाढे. सत्त्याऐंशीत खेळाडू चार पावलं मागे. अठ्ठ्याऐंशीत चेंडूत हवा कमी. एकोणनव्वदपासून समोर खेळाडूच नाहीत.

एक्क्याण्णवला सर्व्हिस झाल्यावर नानासाहेब माझ्याजवळ येऊन थांबले.

"आबा, मीही कॉलेजात खेळायचो. अध्यक्ष झाल्यापासून माझा एकच चेंडू परत आला बघ. कुठे असतो तो पोरगा? त्याचं काहीतरी करू."

वाल्मीक शिंदखेड्याच्या बाजारात पोती उचलत होता. मागच्याच आठवड्यात मी त्याच्या हातचा चहा घेतला होता. पण ते सांगायचं तर तेव्हाचा माझा जबाबही सांगावा लागला असता.

"माहीत नाही साहेब," मी म्हटलं.

आपण असतो तर सांगितलं असतं, असं तुम्हाला आत्ता वाटतंय. बरोबर आहे. आम्हा सव्वीस जणांनाही घरी जाऊन जेवायला बसल्यावर अगदी असंच वाटलं होतं.

नानासाहेब १९९३ च्या फेब्रुवारीत वारले.