गोपनीय अहवाल आणि गंगुबाईची साठं

सरकारी गुपित कसं सांभाळावं हे रत्नागिरीत कोणाला शिकायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं, असं मी शहाऐंशी सालच्या मे महिन्यापर्यंत म्हणत असे. आता म्हणत नाही. पण चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो!

आमच्या कचेरीत मी साहेबांचा लघुलेखक. सगळ्यांचे गोपनीय अहवाल साहेब तोंडी सांगत आणि मी दार लावून टाइप करी. काम झालं की कार्बन पेपर जाळायचा, वहीचं पान फाडून बंबात घालायचं, कपाटाला कुलूप आणि चावी जानव्याला. मालिनीबाई अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. त्यांना स्वतःच्या अहवालातली काना-मात्राही कळली नव्हती.

त्या वर्षी विजेवर चालणारा टाइपरायटर आला. त्याची फीत कापडाची नव्हे, काळ्या चकचकीत प्लॅस्टिकची. एकदा वापरायची, संपली की टाकायची. मी टाकली. टोपलीत नाही टाकायची तर काय देव्हाऱ्यात ठेवायची?

ती उचलली झाडूवाल्या गंगुबाईने. तिचं घर कचेरीमागच्या दगडी गडग्याला लागून. अंगणात तिने ताटांतून आंब्याचा रस पसरून साठं वाळत घातली होती आणि कावळ्यांनी उच्छाद मांडला होता. तिने काठ्या रोवून माझी फीत त्यांना उभी-आडवी ताणली. वाऱ्यावर ती फडफडे, उन्हात चमके. कावळे फिरकेनात.

माणसं मात्र फिरकू लागली. दुपारच्या सुट्टीत निम्मी कचेरी गडग्यापाशी माना वर करून उभी. मला वाटलं, साठांच्या वासाने तोंडाला पाणी सुटलं असेल. तिसऱ्या दिवशी मालिनीबाई डबा तसाच ठेवून माझ्या टेबलापाशी आल्या.

"ठोसर, मी काम टाळण्यात तरबेज का हो?"

शब्द साहेबांचे, जसेच्या तसे.

त्यांच्यामागे शिपाई भागोजी. त्याच्याबद्दल साहेबांनी चांगलं सांगितलं होतं, कामात रस आहे म्हणून. पण त्या फितीवर अक्षरं उठतात, दोन शब्दांमधली जागा उठत नाही. भागोजीने ते 'कामा तरस आहे' असं वाचलं होतं. अठरा वर्षं साहेबांचा डबा वाहून शेवटी आपण तरस ठरलो, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. मी त्याला शब्द तोडून दाखवले, तरी त्याला पटेना.

मी तणतणत गडग्यापाशी गेलो. फीत उन्हासमोर होती आणि स्वच्छ दिसत होतं: जे अक्षर कागदावर गेलं, ते फितीतून कापल्यासारखं आरपार. सगळ्यांचे अहवाल आकाशावर! मी तोंडाला येईल ते बोललो. दुसऱ्याचं गुपित वाचताना लाज कशी वाटत नाही, सगळ्यांची नावं वर कळवतो, असं बरंच काही. मालिनीबाईंनी मान खाली घातली. भागोजी बाजूला सरकून म्हणाला, "भाऊ, सावलीत या जरा."

त्या मऊ आवाजाने मी जास्तच भडकलो. आणि मग फितीचं शेवटचं टोक दिसलं.

माझा अहवाल मी टाइप करणं नियमात बसत नाही. मी मेहुणीच्या लग्नाला गुहागरला गेलो होतो, तेव्हा साहेबांनी दोन बोटांनी तो स्वतः बडवला होता. 'ठोसर. प्रामाणिक. बडबड फार. बढतीस अयोग्य. दुसरा मिळत नाही म्हणून चालवून घेतो.'

सात वर्षं साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, "यंदा नक्की." आणि हे सगळ्या कचेरीने परवाच वाचलं होतं.

फीत साहेबांच्या तोंडावर फेकायची असं ठरवून मी एक काठी उपटली. गंगुबाई घरातून धावत आली. फीत मी टाकली होती, तिने उचलली होती, त्यामुळे ती तिची, असं तिचं म्हणणं.

"न्या की. पन साठां सुकंपर्यंत कावळं कोन हाकनार?"

आणखी एक दुपार माझी अब्रू तिथे लटकत ठेवणं शक्य नव्हतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, फीत गुंडाळून खिशात घातली आणि काठी घेऊन उन्हात बसलो. साहेबांना काय काय सुनावायचं ते मनात जुळवत होतो. त्यातलं एक वाक्यही पुढे कधी बोललो नाही. फीत घरी बंबात जाळली.

कावळ्यांनी मात्र मला मोजलंच नाही. दोन ताटं माझ्यादेखत फस्त केली. संध्याकाळी गंगुबाईने ताटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमच्यापरीस ती फीत बरी व्हती."