दुसऱ्या मजल्याचं नेट

भोईवाड्यातल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, हितेंद्र परबच्या लॅपटॉपच्या पोटात आणखी एक कॉम्प्युटर होता. खराखुरा नव्हे, प्रोग्रॅमने उभा केलेला. ऑफिसात त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. अकरा वाजता तो त्याच्या साहेब अपेक्षा मॅडमना चालवून दाखवायचा होता. नीट चालला तर हितेंद्रची कॉन्ट्रॅक्टची नोकरी कायम होणार होती. आणि सव्वादहापासून त्या पोटातल्या कॉम्प्युटरला नेट मिळेना.

लॅपटॉपचं स्वतःचं नेट धडधाकट होतं. एखाद्या शहाण्याने तेवढ्यावरून काय ते ओळखलं असतं. पण हितेंद्र स्वतःला नेटवर्कमधला दादा समजायचा, त्यामुळे दोष दुसऱ्याचाच असणार हे त्याने ठरवून टाकलं. मजल्यावरच्या नऊ खोल्यांत मिळून एकच वायफाय होतं. तो गॅलरीत आला.

"कोणीतरी नेट खेचतंय. थोडा वेळ सगळ्यांनी वायफाय बंद करा ना, प्लीज. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

नोकरी म्हटल्यावर चाळीत कोणी वाद घालत नाही. फोन बंद झाले. शेजारच्या दुर्गाकाकू मात्र व्हिडिओ कॉलवर कणकवलीतल्या नातवाचं बारसं बघत होत्या.

"झिला, आत्या आता कानात नाव सांगतेय रे."

"काकू, पाचच मिनिटं."

काकूंनी निमूटपणे कॉल कापला. तरीही काही होईना, म्हणून मंडळाचे सेक्रेटरी रमाकांतकाका यांनी राउटरच बंद केला. मग जे चालत होतं तेही चालेना. शेवटी हितेंद्रने मॅडमना फोन लावला.

"मशीनची नेटवर्क सेटिंग उघड," मॅडम म्हणाल्या. "खाली 'केबल कनेक्टेड' लिहिलंय. टिक आहे का?"

टिक नव्हती. नेट गेल्यावर कुठला मेसेज येतो ते तपासायला काल त्यानेच ती काढली होती.

"नाहीये, मॅडम."

"मग कर."

मॅडम हसल्या नाहीत, हे त्याला जास्त लागलं. राउटर पुन्हा चालू झाला, अकराचा डेमो सुरळीत पार पडला आणि नोकरीही कायम झाली. पण हितेंद्रला बाहेर यायची लाज वाटत होती. शेवटी तो गॅलरीत आला, तर सगळे त्याचीच वाट बघत उभे होते.

"झालं ना तुझं काम?" काकूंनी विचारलं. "नाव ऐकायचं राहिलं, पण ते काय, नंतरही कळेल."

हितेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकू, तुमचं नेट चांगलंच होतं. माझ्याच लॅपटॉपमध्ये एक टिक करायची राहिली होती. उगाच तुम्हाला बारसं सोडायला लावलं."

"काहीतरीच," रमाकांतकाका म्हणाले. "एका टिकने अख्ख्या मजल्याचं नेट जातं होय? आमच्या डोळ्यांदेखत बंद होतं. तू सांगितलंस नि चालू झालं."

"तुम्हीच राउटर बंद केला होता, काका."

"बघा, श्रेयसुद्धा घेत नाही."

संध्याकाळी जिन्याजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, 'दुसऱ्या मजल्याचे इंटरनेट दुरुस्त केल्याबद्दल श्री. हितेंद्र परब यांचे मंडळातर्फे आभार.' नावाच्या आधी जागा नव्हती, तरी काकांनी बारीक अक्षरात एक शब्द घुसवला होता, 'विनम्र'.