नानांचं गावरान रॅप

रविवार, ११ एप्रिल १९९९. सकाळपासून गच्चीवर कुरडया घालत होते. चीक गरम आहे तोवर सोऱ्या खाली ठेवता येत नाही, आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या नानांची खालून हाक आली, "वैनी, जल्दी या! या ऑटोवाल्याला सांगा, हे हायब्रीड आहे!"

कठड्यावरून वाकून पाहिलं. ऑटोत रॅपची कॅसेट वाजत होती आणि नाना ऑटोपुढे आडवे उभे होते.

"जुनं गाणं आहे चाचा, माझ्या लग्नाच्या आधीचं," ऑटोवाला म्हणाला.

"तुझं लग्न म्हणजे काय माप झालं का? गाणारी बाई मधी आल्ती का न्हाई आत्ता? मंग?"

आतली सवारी मुकाट्याने उतरली आणि पायी निघून गेली.

नानांचा जन्म गेला जुन्या जालन्यातल्या बियाण्याच्या दुकानात. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच जाती, गावरान आणि हायब्रीड. टोमॅटो, डॉक्टर, नवऱ्यामुली, सगळ्यांना हाच न्याय. आमच्या ह्यांना ते गावरान म्हणतात, मला काय म्हणतात ते मी विचारलेलं नाही. वय सदुसष्ट, डोक्यावर पांढरी टोपी, आणि गेल्या दोन वर्षांपासून तोंडी इंग्रजी रॅप.

हे रॅप त्यांच्या मुलाचं, श्रीकांतचं. औरंगाबादला होस्टेलवर असताना त्याने मित्रांकडून भरून आणलेल्या कॅसेटी एका खोक्यात घरीच राहिल्या आणि तो पुण्याला नोकरीला लागला. आता जुनं रॅप कशाला म्हणायचं, यावर बापलेकांचं भांडण. श्रीकांत साल धरून बसलेला. नानांना साल मान्य नाही.

"साल पाहून काय वाण ठरतं का, वैनी? खाली ढोल, वर एकच माणूस बोलून राह्यला, संपलं. ते गावरान. गाणारी बाई आली, पेटी आली, की झालं हायब्रीड."

"पण ते बोलतात ते तुम्हाला कळतं का, नाना?"

"तलाठ्याचं तरी कुठं कळतं? ऐकूनच घेतो ना?"

हा वाद त्यांनी दूधवाल्याशी घातला, पोस्टमनशी घातला. केदारखेड्याहून आलेल्या त्यांच्या साडूंना तर दोन कॅसेटी ऐकवून निकाल मागितला. साडू संध्याकाळच्या गाडीने जाणार होते, ते दुपारच्याच गाडीने गेले. मला वाटायचं, रिकामपणाचे उद्योग आहेत.

नानांकडे फोन नाही. श्रीकांतचा फोन दर रविवारी आमच्याकडे येतो. श्रीकांतच्या आई, माई, होत्या तेव्हा त्याच बोलायच्या. नाना मागे उभं राहून "खर्चा वाढून राह्यला म्हणावं" एवढं सुचवायचे. माई गेल्यावर रिसीव्हर नानांच्या हातात आला. जेवलास का? जेवलो. तब्येत? बरी. बरं, ठेव मंग. माझ्या पोळीची एक बाजूसुद्धा भाजून व्हायची नाही. मग एका रविवारी त्यांनी त्या खोक्याचा विषय काढला, आणि तेव्हापासून फोनजवळ मला खुर्ची ठेवावी लागली.

त्या दिवशीही साडेदहाला फोन आला. नाना ऑटोवाल्याला सोडून आमच्या घरात शिरले. मी चिकाचे हात घेऊन खाली आले होते.

"साल सांगू नको मला... बिलकुल न्हाई... अरे, त्या निळ्या कॅसेटमधी बाई गाती का न्हाई?... आं?... बराबर म्हणतो?... बरं. बरं, ठेव मंग."

रिसीव्हर ठेवून ते खुर्चीतच बसून राहिले.

"काय झालं?"

"मानलं त्यानं. म्हणला, नाना, तुमचंच बराबर आहे."

"मग जिंकलात की!"

"जिंकून काय करू, वैनी? मानलं आन ठेवून दिला." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आवडतं कुणाला ते? डोकं उठतं माझं. पण पोरगं बोलत होतं. आता रविवारी काय इचारू त्याला? जेवला का?"

वर चीक गार होत होता. म्हटलं, "नाना, हात धुवा आणि गच्चीवर चला. कावळे हाकायला माणूस पाहिजे." ते आले, छत्री घेऊन दुपारपर्यंत बसले. कुरडया गावरान गव्हाच्या आहेत का, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाळ आणायला जुन्या जालन्यात गेले, ती आधी कॅसेटच्या दुकानात शिरले.

"रॅपची द्या एक."

"जुनी का नवी, मावशी?"

"जिच्यावरून भांडण होईल अशी द्या."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि बराच वेळ शोधून एक काढली. हिच्यात बाई गाते, पण साल जुनं आहे, म्हणाला. येताना नानांच्या ओट्यावर थांबले, पिशवीतून कॅसेट काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सांगितलं, "दुकानदार म्हणतो, अस्सल जुनं हेच."

"त्याला काय कळतंय!" नाना चष्मा शोधत उठले.

मी घरी जाऊन कालच्या कुरडया उलटायला घेतल्या. शेजारी टेप सुरू झाला. थोड्याच वेळात गाणारी बाई आली, आणि नाना भिंतीपलीकडून ओरडले, "वैनी, रविवारी फोन लवकर आला तर ठिवू देऊ नका त्याला!"