रविवारी सुट्टी घेणारा भूकंप

"लिहा," मन्मथअप्पा म्हणाले, "मराठवाड्यातले पहिले, एकमेव आणि अखेरचे खासगी गुप्तहेर."

"अखेरचे कशाला, अप्पा?"

"आमच्यानंतर कोण हाय? लिहा तुम्ही. नजर घारीची. चाल मांजराची. आणि स्मरणशक्ती..." अप्पांनी पंख्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "कालच सांगितलं होतं की तुम्हाला!"

महानंदाने 'स्मरणशक्ती अचाट' असं टाईप केलं आणि पुढची ओळ घेतली. लातुरात तिचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान होतं आणि त्या दुकानात, कागदाच्या रिमांमागे, अप्पांचं कार्यालय होतं. म्हणजे एक खुर्ची. भूमापन खात्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजून अप्पा निवृत्त झाले, बायको गेली, आणि घरात एकटं बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी गुन्हेगारी संपवायला घेतली. आजवर अकरा प्रकरणं सोडवली, असं ते सांगत. त्यातली नऊ त्यांनी सोडून दिली होती, एकात चोरी झालीच नव्हती, आणि एकात हरवलेली छत्री त्यांच्याच खुर्चीला लटकलेली सापडली. पण एखाद्या सकाळी अप्पा आले नाहीत तर महानंदाचं कामात लक्ष लागत नसे, हेही खरं.

बारावं प्रकरण चांदबी घेऊन आली.

चांदबीचं मागच्या गल्लीत मुलींचं वसतिगृह होतं. देगलूर, रेणापूर, माहूरकडच्या चाळीस मुली, सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. भूकंपाला बारा वर्षं झाली होती. शहर सावरलं होतं आणि गल्लोगल्ली क्लास उगवले होते. पण चांदबीच्या स्वयंपाकघरात फळीवर अजून एका स्टीलच्या पेल्यावर दुसरा पालथा ठेवलेला असायचा. पेला पडला की बाहेर पळायचं. त्या भूकंपात सासू गेल्यापासून चांदबीने हे यंत्र बसवलं होतं आणि बारा वर्षांत ते मांजरीशिवाय कुणी पाडलं नव्हतं.

"आता रोज पडतोय, अप्पासाब," ती म्हणाली. "तीन हफ्ते झाले. पहाटे बरोब्बर पावणेसहाला. जमिनीतनं धम्म धम्म आवाज, आणि खण्णकन पेला खाली. मी आपली पिठाच्या हातानं अंगणात."

अप्पांनी वही उघडली. "रोज?"

"रोज. इतवार सोडून."

अप्पांचं पेन थांबलं. "भूकंपाला रविवारची सुट्टी?"

"अब मैं क्या बोलूं? न्हाई येत इतवारी."

"म्हणजे सरकारी भूकंप हाय," अप्पांनी लिहून घेतलं.

पण चांदबीचं खरं दुखणं पेल्याचं नव्हतं. तिने पदराखालून कचेरीची एक नोटीस काढली. महानंदाने वाचून दाखवली. बोअरमुळे भूगर्भ पोकळ होऊन हादरे बसत असल्याच्या वृत्ताची दखल घेऊन, हादऱ्याच्या सर्वांत जवळचा बोअर गुरुवारी सकाळी दहा वाजता सील करण्यात येईल.

"सर्वांत जवळचा तुमचाच कसा?"

"तक्रार मीच केली ना! दुसऱ्या कुणी केलीच न्हाई. म्हणून भूकंप माझ्या घरात." चांदबीचा आवाज खाली आला. "महानंदा, नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. बोअर गेला तर चाळीस पोरी काय पितील? सगळ्या उठून जातील. दोन म्हयन्यावर परीक्षा आलीया त्यांची. और मैं किधर जाऊं?"

त्या दिवशी मंगळवार होता.

बोअरचा सिद्धांत आलोकचा होता, हे महानंदाला माहीत होतं, कारण पेपरांना धाडलेलं त्याचं पत्रक तिनेच टाईप केलं होतं. आलोक पुण्याहून आलेला, 'वसुंधरा श्वास मंचा'चा एकमेव पूर्णवेळ कार्यकर्ता. पोरगं मनानं वाईट नव्हतं. पृथ्वीच्या काळजीनं त्याला जेवण जात नसे. फक्त त्या काळजीत पृथ्वीवरची माणसं त्याला जरा अडचणीची वाटत. गेल्याच महिन्यात त्याने महानंदाकडून दोन हजार पत्रकं काढून घेतली होती : 'कागद वाचवा, झाड वाचवा.' तिने सुचवलं, दोन्ही बाजूंनी छापू, निम्म्या कागदात होईल. आलोक म्हणाला, "नको ताई, मागे छापलं की गांभीर्य जातं."

बुधवारी अप्पांनी तपास सुरू केला. खात्यातली जुनी साखळी घेऊन त्यांनी चांदबीचं अंगण लांबीरुंदीनं मोजलं. का मोजलं हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. साखळीचं दुसरं टोक अर्थातच महानंदाच्या हातात होतं.

"पहिली शक्यता, भुयार," अप्पा म्हणाले. "शेजारचा मेसवाला तुमच्या पिठाच्या कोठीपर्यंत खोदून राहिलाय."

"त्याला जिना चढताना धाप लागते, अप्पासाब."

"म्हणूनच खाली खोदतोय!"

तेवढ्यात आलोक आला आणि त्याच्याबरोबर प्रमोदिनी, एका बातम्यांच्या वाहिनीची बातमीदार, कॅमेरावाल्यासह. अकरा वाजले होते. पेला पडून पाच तास झाले होते.

"मावशी, परत पाडता का?" प्रमोदिनीने विचारलं.

चांदबीने पाडला. प्रकाश बरोबर नव्हता म्हणून पुन्हा पाडला. तिसऱ्यांदा तिच्या चेहऱ्यावर भीती कमी पडली. चौथ्यांदा पेल्याला पोचा आला आणि चांदबीच्या चेहऱ्यावर जे आलं ते पेल्याचं दुःख होतं, पण कॅमेऱ्यात ते धरणीमातेचं म्हणून छान बसलं. बातमीचं नाव आधीच ठरलं होतं : 'लातूरच्या पोटात चाललंय तरी काय?'

प्रश्नचिन्हाची ही सोय महानंदाला फार आवडायची. मागे प्रश्न टाकला की पुढे पुरावा लागत नाही. तिने एकदा स्वतःच्या दुकानावर 'शहरातलं सर्वोत्तम टायपिंग?' असं लावून बघितलं होतं. कुणी हरकत घेतली नव्हती.

"पृथ्वीचं रक्त शोषताय तुम्ही," आलोक चांदबीला अगदी कळवळून सांगत होता. "जेवढा उपसा, तेवढा हादरा."

"मग इतवारी का न्हाई येत?"

"रविवारी उपसा कमी असणार."

"खुदा का नाम ले, बेटा!" चांदबी हसायलाच लागली. "इतवारी चाळीस पोरी डोक्यावरनं न्हातात. टाकी दोनदा भरते. उलट इतवारी तर घर पडायला पाहिजे!"

महानंदाला वाटलं, आता हे कुणीतरी लिहून घेईल. प्रमोदिनीने कॅमेरावाल्याला खूण केली : हे कापायचं. आलोक म्हणाला, "निसर्ग उशिरा प्रतिक्रिया देतो, मावशी. रविवारचा उपसा सोमवारी दिसतो."

अप्पांना मात्र वेगळाच धागा सापडला होता. क्लासमधून परतलेल्या मुलींना एकेक करून उभं करून त्यांनी विचारलं होतं, हादरा कसा वाटला? चाळीसही मुलींनी सांगितलं, आम्हाला कधी जाणवलाच नाही.

"महानंदाताई," ते कुजबुजले. अप्पांची कुजबूज गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. "घरातल्या बाईला हादरा जाणवतो, शेजारणींना जाणवतो, चाळीस पोरींतल्या एकीलाबी न्हाई! याचा अर्थ एकच. पोरींना गुंगीचं औषध दिलं जातं. वरणातनं."

"माझ्या वरणातनं?" चांदबी डाव घेऊनच बाहेर आली.

त्या दिवसाचा तपास तिथे थांबला.

गुरुवारी पहाटे सगळे चांदबीच्या स्वयंपाकघरात जमले. शेवटची संधी होती. आलोकने टेपरेकॉर्डर फरशीला टेकवला होता. प्रमोदिनी या वेळी खरोखर वेळेवर आली होती आणि त्याबद्दल स्वतःवरच खूश होती. अप्पा पोटावर पडून, कान जमिनीला लावून ऐकत होते. त्यांना परत उठवायचं कुणी, याची महानंदा मनात जुळवाजुळव करत होती.

"या अल्ला!" चांदबी एकदम म्हणाली. "जिक्राचा चष्मा राहिला इथंच. फळा दिसायचा न्हाई पोरीला. महानंदा, देऊन येतीस का गं?"

क्लास अगदी पाठीला पाठ लावून होता, भिंत एकच, पण दार पलीकडच्या रस्त्याला. महानंदा वळसा घालून गेली. जिन्याशी चपलांचा ढीग होता, सहाशे जोड तरी असतील. वर हॉलमध्ये आवाज नव्हता. सगळी मुलं अनवाणी उभी, तोंडं मिटलेली. सर फळ्यापाशी खडू घेऊन. त्यांनी मान हलवली आणि सहाशे मुलं एकदम हवेत उडाली.

धम्म.

जिना महानंदाच्या पायाखालून सरकल्यासारखा झाला. सरांनी फळ्यावर '१' लिहिलं. मान हलवली. धम्म. '२'.

तिने कठडा घट्ट धरला. वीसपर्यंत तसाच धरून ठेवला.

"सर," ती शेवटी म्हणाली, "हे काय करून राहिलात?"

"झोप उडवतो, ताई. कोट्याच्या क्लासांत बघून आलो. वीस उड्या मारल्या की दोन तास कुणी पेंगत नाही." सर नम्रपणे म्हणाले. "शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून गिनती फळ्यावर करतो. चपलाही काढायला लावतो."

"आणि रविवारी?"

"रविवारी पेपर असतो. भीतीनंच जागी राहतात."

दुसऱ्या रांगेतून जिक्रा आली, चष्मा डोळ्यांवर चढवत. महानंदाने तिला कोपऱ्यात घेतलं. "अगं बाई, काल अप्पांनी विचारलं तेव्हा सांगायचं न्हाई?"

"त्यांनी हादऱ्याचं विचारलं, मावशी. आम्ही त्या वेळेला हवेत असतो." जिक्राने जरा विचार केला. "बाकीचे सगळे पाण्याचं विचारून राहिले. उड्यांचं कुणी विचारलंच न्हाई."

महानंदा धावत परत आली तेव्हा आलोकचे डोळे भरून आले होते. "ऐकलंत, ताई? धरणीचा हुंदका!"

"हुंदका न्हाई," महानंदा धापा टाकत म्हणाली. "पावणेसहाची बॅच."

तिने सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर पहिल्यांदा प्रमोदिनी बोलली. "हे आज नाही चालवता येणार. कालपासून धरणीमाता सुरू आहे. एकदम मुलं कशी आणायची?"

आलोक टेपरेकॉर्डरकडे बघत राहिला. अप्पा जमिनीवरूनच म्हणाले, "यात मानवी हात हाय, हा माझा पहिल्यापासूनचा संशय होता."

"पाय, अप्पा," महानंदा म्हणाली आणि त्यांना उठवायला लागली.

दहा वाजता कचेरीतले साहेब आले. सोबत लाख, सुतळी, शिक्का आणि दोन शिपाई. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाई, कागदावर बोअर लिहिलंय. उड्या लिहायला रकाना नाही."

चांदबी बोअरच्या तोटीला धरून उभी होती. शिपाई पुढे आले तरी तिने हात सोडला नाही.

"रकाना हाय की, साहेब," कोपऱ्यातून आवाज आला. मन्मथअप्पा पुढे झाले. अंगावर धूळ होती, पण आवाज निराळाच होता, तीस वर्षं टेबलामागे बसलेला. "शेवटचा. शेरा. त्यात जागेवर जे आढळलं ते लिहायचं असतं. आणि जे लिहिलं, त्यावरच वरचे साहेब सही करतात. आम्ही सरकारच्या अर्ध्या जमिनी त्या रकान्यात बसवल्यात."

साहेबांनी कागद उलटून बघितला. रकाना होता. "पण मला जागेवर आढळायला पाहिजे ना."

महानंदा पुन्हा वळसा घालून पळाली. सरांनी भौतिकशास्त्राचा तास मध्येच थांबवला. मुलांना काय, आनंदच झाला.

धम्म.

पेला फळीवरून खण्णकन खाली आला. साहेब लाखेसकट अंगणात पळाले, शिपाई त्यांच्या पुढे, प्रमोदिनी माईक टाकून, आलोक सर्वांत आधी. अप्पांनी गुप्तहेराला शोभेल अशा सावकाशीनं उंबरा ओलांडला आणि मग तेही पळाले. महानंदा परतली तेव्हा सगळे दाराबाहेर उभे होते.

आत एकटी चांदबी होती. भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, ती पुटपुटत होती. महानंदाला वाटलं दुवा मागतेय. जवळ गेल्यावर ऐकू आलं.

"सतरा. अठरा. उन्नीस." शेवटचा धम्म आला. "बीस." तिने डोळे उघडले. "बस. खलास."

साहेबांनी अंगणात उभ्या उभ्याच शेरा लिहिला : 'कंपाचे कारण सामूहिक उड्या. बोअरचा संबंध आढळून आला नाही.' आणि लाख, सुतळी, शिक्का घेऊन ते निघून गेले.

चांदबीने मोटर सुरू केली. टाकीत पाणी पडायला लागलं. मग आलोक बाटली घेऊन पुढे आला, जरा ओशाळूनच. ऊन चढलं होतं, आणि काळजी करून तोही तहानला होता.

"मावशी, थोडं भरून घेऊ?"

"भर की, बेटा. पोटभर पी." चांदबीने त्याला वाट करून दिली. "फक्त तोटी नीट बंद कर. परवा भरून गेलास, तेव्हा ठिबकतच ठेवली होतीस."