घामाची बाजू सूर्याकडे

गावंडेबाई मुलींचा वास घेत. अगदी रांगेत उभं करून. प्रार्थना आटोपली की कबड्डीच्या संघातल्या पोरी मैदानाच्या कडेला ओळीनं उभ्या राहायच्या आणि बाई एकेकीच्या खांद्याशी नाक नेत पुढे सरकायच्या. एखादीपाशी थांबायच्या. मग साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "हे काय हाये वं? धुतला का नुसता पाण्याले दाखवून आणला?"

पोरगी रडवेली व्हायची. बाई पुढच्या खांद्याकडे.

त्या पीटीच्या बाई आणि मी त्याच शाळेत गणिताची. तेवढ्यावर निभावलं असतं, पण नागपुरात महालातल्या एकाच घरात आम्ही दोघी भाडेकरू होतो. रस्त्याकडे लांब ओटा, ओट्यावर दोन दारं. एका दाराआड मी, माझे यजमान आणि सासूबाई. दुसऱ्या दाराआड गावंडेबाई, एकट्या. मागच्या अंगणात नळ मात्र एकच. सत्तरच्या दशकात एका नळावर दोन बिऱ्हाडं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

बाई मूळच्या नरखेडकडच्या, संत्र्याच्या बागेतल्या. तेव्हा चाळिशीला टेकलेल्या. लग्न का केलं नाही, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. त्यांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. वाटीभर साखर मागायलासुद्धा त्या सामना सुरू केल्यासारख्या ओरडत.

घामावर त्यांचा राग नव्हता. शिळ्या घामावर होता. "घाम दुधासारखा असते वं सुधा. ठेवला की नासते." ओली बंडी पिशवीत कोंबून घरी नेणारी पोरगी त्यांच्या लेखी गुन्हेगार. आधी थंड पाण्यात खळबळायचं, मग साबण. कोणी गरम पाणी ओतलं तर "आता वास मुक्कामाले राह्यला तुह्या घरी." त्यानंतर धुण्याचा सोडा, वरून लिंबू, आणि शेवटी तो मंत्र. कपडा उलटा करून वाळत टाकायचा. घामाची बाजू सूर्याकडे. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की वर्गात समीकरण मांडतानाही ते ओठावर यायचं.

त्या वर्षी शाळेनं संघाला नायलॉनचे टी-शर्ट आणि निळ्या हाफपँटी दिल्या. बाई खवळल्या. "नायलॉनमंधी वास शिरला की तो घरजावई होते." पण सामने तोंडावर आले होते, दुसरे कपडे मिळणार नव्हते. मग दर शनिवारी साऱ्या संघाचे कपडे आमच्या नळावर. दोन बादल्या फेसाच्या, आणि पाण्यासाठी ताटकळलेली मी. सासूबाई विचारायच्या, "हे घर आहे की धोबीघाट?" त्यांना उत्तर देणं माझ्याकडे लागलं होतं, आणि त्यापायी मी बाईंवर मनातून धुमसत असे.

शनिवारी कपडे निर्मळ व्हायचे. सोमवारी पोरींच्या हाती जायचे. आणि गुरुवारी पुन्हा तो आंबूस, कोंदट भपकारा. बाईंनी साबण बदलला. किराणावाल्याशी भांडण उकरलं. सोड्यात भेसळ आहे, लिंबं जुनी आहेत, सारं बोलून झालं. शेवटी म्हणाल्या, "चल वं, एकीचं घर पाहून येऊ."

आम्ही नंदाकडे गेलो. नंदा म्हणजे संघाचा जीव. चढाईला गेली की दोघी-तिघींना हात लावूनच परतायची. दारात तिची आई तांदूळ पाखडत होती. बाईंनी विचारलं, खेळाचे कपडे कुठे वाळवता? आई गोंधळली. "आतमधी टाकले हायेत ना बाई."

आत म्हणजे मधल्या खोलीच्याही आत. खिडकी नाही. ट्रंकांच्या मागे भिंतीलगत एक दोरी, दोरीवर ओलं लुगडं, आणि लुगड्याखाली, कोणाला दिसू नये अशी चेपून बसवलेली, नंदाची निळी हाफपँट. मी बोट लावलं तर दोन दिवसांपूर्वी धुतलेला कपडा अजून दमट.

बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. ओट्यावरच्या तारेवर नंदाच्या बापाचा पट्ट्यापट्ट्यांचा कच्छा ऐटीत डोलत होता, नाड्यासकट.

बाई त्या कच्छ्याकडे पाहत राहिल्या. त्यांचा चेहरा असा तापलेला मी कधी पाहिला नव्हता. मग नंदाच्या आईला म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात, "काहो, सूर्य काय गडीमाणसायच्याच बापाचा हाये का?"

मलाही राग आला. खोटं कशाला सांगू, अजूनही येतो. कारण आमच्या घरी माझे परकर-पोलकी कुठे वाळत होती? मागच्या खोलीत, सासूबाईंनी बांधलेल्या दोरीवर, यजमानांच्या टॉवेलखाली. माझ्या आईचीही तशीच वाळली. घरोघरी मातीच्या चुली. लाज आम्ही बाळगायची आणि वासही आम्हालाच यायचा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांच्या बाजूच्या ओट्यावर, थेट रस्त्याच्या तोंडाशी, नवी तार ठोकली. आता कपडे रोज खेळानंतर बाईंकडेच यायचे आणि सकाळी उन्हात चढायचे, साऱ्या संघाच्या निळ्या हाफपँटी, उलट्या, एका ओळीत. सायकलवाले वेग कमी करू लागले. समोरचे पेन्शनर वर्तमानपत्र घेऊन उठून आत जायचे आणि लगेच चष्मा घेऊन परत यायचे.

चार दिवसांत नंदाचा बाप ओट्यासमोरच्या फाटकात उभा राहिला. "बाई, माही पोरगी नाही खेळनार."

"काहून?"

"साऱ्या मोहल्ल्याले दिसून राह्यले तिचे कपडे."

"तुमचा पट्ट्यापट्ट्याचा कच्छा मले येताजाता दिसते. मी काही म्हटलं का तुमाले?"

मला हसू आवरेना, मी दाराआड झाले. तो माणूस लालबुंद झाला. "मी माणूस हावो," म्हणाला. मग जे बोलायचं ते बोललाच. "तुमचं काय जाते? तुमाले ना नवरा ना लेकरू. आमाले पोरगी उजवाची हाये."

वाटलं, आता बाई त्याला फाटकावरून उचलून टाकतील. पण त्या फाटकापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, त्या कपड्यायवर तुमच्या पोरीचं नाव लिहिलं हाये का? तार माही, ओटा माहा. लोक म्हणतीन, गावंडेबाईचे चड्डे. म्हनू द्या. पोरीले खेळू द्या."

यानंतर दोघं फाटकात खालच्या आवाजात काही बोलले. सासूबाईंनी हाक मारली म्हणून मी आत गेले. नंदा खेळली. संघ उपांत्य फेरीत हरला, पण बाई परत आल्या त्या ढाल घेऊन आल्यासारख्या. "हरलो, पण कोनाले वास नाही आला."

नंदा दहावी होऊन गेली, तिचं लग्नही झालं. दुसऱ्या पोरी आल्या. तार तशीच होती, आणि लोकांनाही ती सवयीची झाली होती. फक्त एक गोष्ट मला खटकायची. साऱ्या पोरींचा वास घालवणाऱ्या या बाईंच्या स्वतःच्या अंगाला मात्र एक कोंदट वास असे. वर कापराचा. शिक्षकांच्या खोलीत शेजारी बसलं की यायचाच. दिव्याखाली अंधार, म्हणून मी खुर्ची जराशी सरकवून घेत असे.

मग एका थंडीत बाईंना मलेरियानं धरलं. दोन दिवस शाळेत नाहीत, आवाज नाही, घर कसं रिकामं वाटायला लागलं. तिसऱ्या सकाळी मी पेज घेऊन गेले. ताप उतरताना पोलकं घामानं चिंब झालेलं. "बदलायला काही देते," म्हटलं आणि आतल्या खोलीत गेले.

कपाटाच्या मागे दोरी होती. दोरीवर जाड टॉवेल, आणि टॉवेलखाली बाईंची पोलकी, परकर, त्यांची जुनी खेळाची पँट. सारं दमट. वर कापराची पुरचुंडी बांधलेली.

मी ते सारं कवेत घेऊन बाहेर आले आणि ओरडले. आजाऱ्यावर ओरडू नये, कळत होतं. "हे काय आहे, बाई? जगाला सूर्य दाखवता आणि स्वतःचं अंधारात?"

बाई छताकडे पाहत होत्या. "नंदाच्या बापानं फाटकात इचारलं होतं. एकट्या बाईचे कपडे बी असेच रस्त्यावर लोंबते का म्हने. मी म्हटलं, नाही लोंबत. लोंबणारही नाही. तवा पोरगी मिळाली."

"अहो, नंदाला दोन लेकरं झाली आता."

"बाप काय एकच असते का वं? दर वर्षी नवे येते. एकाच्या बी डोळ्यात माही चाल खुपली, त पोरगी घरी बसते." मग म्हणाल्या, "मलेही येते वास. मी काय नकटी हावो?"

माझा राग मावत नव्हता. त्या बापावर, स्वतःवर, त्या जाड टॉवेलवर. मी तशीच आमच्या मागच्या खोलीत गेले, यजमानांच्या टॉवेलखालून माझे परकर, पोलकी ओढून काढली. सासूबाई "अगं, अगं" करत मागे आल्या. मी थांबले नाही. बाहेर येऊन तारेवर एक माझा परकर, एक त्यांचा, एक माझं पोलकं, एक त्यांचं, असं सरमिसळ टाकत गेले. समोरचे पेन्शनर चष्मा आणायला उठले.

आतून बाईंचा थकलेला आवाज आला. "परत आन ते. लोक काय म्हनतीन?"

"नाव लिहिलंय का त्यांच्यावर?" मी ओट्यावरून, पेन्शनरांनाही ऐकू जाईल अशी म्हणाले. "म्हणतील, गणिताच्या बाईंचे. नवरा-सासू असलेल्या बाईचे. म्हणू दे."

शेवटचा चिमटा लावत होते, तेवढ्यात आत खाट करकरली आणि बाईंनी नाक ओढलं.

"सुधा," त्या म्हणाल्या, "उलटे टाकले ना वं?"