सुनेची ओळख पटवण्याबाबत

"आता या कॉलनीत वारासुद्धा नाव सांगून आत येईल!" हिंदी मुलखातल्या रांझीच्या कॉलनीच्या बैठकीत बाबारावांनी टेबलावर मूठ आपटली आणि विष्णुपंतांनी चक्क टाळ्या वाजवल्या!

लोक थक्क! तीस वर्षांत या दोघांचं कशावरच जमलं नव्हतं. बाबाराव कारखान्यातून निवृत्त झालेले, लाल झेंड्याचे जुने पुढारी. विष्णुपंत निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या मते शाळेतून छडी गेली त्याच दिवशी देश बिघडला. एकानं ऊन म्हटलं की दुसरा छत्री उघडायचा. पण गेटावर प्रत्येकाला ओळखपत्र, म्हटल्यावर दोघांचे हात एकदम वर! बाबाराव अध्यक्ष, विष्णुपंत चिटणीस.

बाबारावांची सून विनता तेवढी म्हणाली, "मामाजी, आपल्याच घरी यायला कार्ड काहून?"

"ज्याच्या मनात काळं नाही, त्याला कशाची भीती?" दोघे म्हातारे एका सुरात बोलले.

पुढच्या महिन्यात तिच्या आठ महिन्यांच्या समृद्धीला दात येऊ लागले. दिसेल ते तोंडात! एका सकाळी लेकीला आजोबांजवळ निजवून विनता बसनं घमापुरच्या बाजारात नाचणीचं पीठ आणायला गेली. परत आली, गेटावर कार्ड काढलं. चौकीदार नथ्थूनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"भाभीजी, इसमें तो चेहरा ही नहीं है!"

खरंच! समृद्धीनं चघळून फोटोतलं तोंड पार पांढरं केलं होतं. एक कान तेवढा शिल्लक होता.

"नथ्थू भैया, रोज पाहता ना मला?"

"हम तो पहचानते हैं, भाभीजी. नियम पाँच नहीं पहचानता."

नियम पाच असा, की कार्डाबद्दल शंका आल्यास घरच्या प्रमुखानं 'मी हा चेहरा ओळखतो' असं लिहून द्यावं. निरोप गेला. विष्णुपंत फॉर्म घेऊन आले आणि बाबाराव खांद्यावर भुकेली नात घेऊन. तिनं असा सूर लावला होता, की कारखान्याच्या भोंग्यानं कानावर हात ठेवावेत! लेक आत, आई बाहेर, मधे लोखंडी गेट.

"करा सही," विष्णुपंत म्हणाले.

बाबारावांनी पेन उघडलं. बंद केलं. "मी खोटं लिहीत नसतो. आवाज हिचाच आहे. पण चेहरा... कधी पाहिलाच नाही ना जी!"

तीन वर्षं! सून समोर आली की बाबाराव ताटाकडे पाहत, पेपरकडे पाहत, नाहीतर पंख्याकडे. सुनेच्या तोंडाकडे पाहायची रीतच नव्हती त्यांच्याकडे.

"मग आता पाहा!" विष्णुपंत म्हणाले.

"असं भर गेटावर? ही हुकूमशाही आहे!"

"अहो, नियम पाच तुम्हीच लिहिलात!"

"तो तुमच्यासाठी लिहिला होता!"

"आणि मी पाठिंबा दिला तो तुमच्यासाठी!"

मागे दूधवाला, दोन स्कूटर, शाळेची रिक्षा. सगळे हॉर्न वाजवून राहिले.

"मामाजी, पाहा हो एकदा. पोरगी रडून रडून लाल झाली."

ग्रहण पाहावं तसे डोळे बारीक करून बाबारावांनी मान वर केली. पाहिलं. पाहतच राहिले.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "डोळ्यांखाली किती काळं झालं तुझ्या. झोपत नाहीस काय?"

विनतानं त्यांच्या खांद्यावरच्या समृद्धीकडे बोट दाखवलं.

"हे फॉर्मात बसत नाही," विष्णुपंत म्हणाले. "ओळखता की नाही, तेवढं सांगा."

"थांबा ना! आत्ताच तर ओळख होऊन राहिली!"

विनतानं मात्र थांबायचं नाही असं ठरवलं. गेटावरून हात घालून तिनं लेकीला उचललं, बाहेरच नथ्थूच्या स्टुलावर बसली, ओढणी पुढे घेतली आणि पोरीला पाजायला लागली. भोंगा बंद!

बाबारावांनी गर्रकन पाठ फिरवली. विष्णुपंतांनीही. नथ्थू तर गेट सोडून भिंतीला नाक लावून उभा राहिला. गेट आपोआप उघडलं. दूधवाला मान खाली घालून आत गेला. त्याच्यामागे स्कूटर, रिक्षा, भंगारवाला, साड्या विकणारी बाई आणि दोन शेळ्या. सगळे मर्यादेनं दुसरीकडे पाहत, कार्ड न दाखवता!

समृद्धी पोटभर पिऊन झोपली. विनता उठली.

"नथ्थू," विष्णुपंतांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "कोई अंदर तो नहीं गया?"

"हमने तो किसी को देखा नहीं, साहब!"

मग त्यानं वळून, शिस्तीत गेटाची कडी लावली आणि विनतापुढे हात पसरला.

"भाभीजी, अब दोनों का कार्ड दिखाइए."