मेजरच्या डोळ्याचा अधिकृत दाब

सरकारची मर्जी ज्याला सांभाळायची आहे त्याने साहेबाच्या आधी साहेबाच्या कुत्र्याची खुशाली विचारावी, हे शहाण्या माणसाला शिकवावं लागत नाही. जळगाव तर शहाण्यांचंच गाव. १९२६ साली तिथल्या एका गोऱ्या साहेबाच्या मेजर नावाच्या कुत्र्याचा उजवा डोळा यावलच्या रानात गवत लागून लाल झाला, आणि आठवड्याच्या आत गावात श्वाननेत्र समिती उभी राहिली. (पिण्याच्या पाण्याची समिती नऊ वर्षं उभी राहायचीच होती.) अध्यक्ष पन्नालालशेठ, सभासद सहा, सगळे वजनदार.

मुंबईहून यंत्र आलं. कुत्र्याला उताणं निजवायचं, डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकायचे आणि यंत्र बुबुळावर टेकवायचं, की काटा हलून आतला दाब कळतो. पंचविसाच्या आत असला म्हणजे डोळा ठणठणीत. पहिल्या दिवशी गुरांचे डॉक्टर भाईदास यांनी एकट्यानेच, मेजरला वनाच्या मांडीवर निजवून, दाब घेतला. वीस भरला. वना म्हणजे साहेबाचा कुत्रे सांभाळणारा. मेजरला त्याने डोळे न उघडलेल्या पिल्लापासून वाढवलेलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

पण ही मोजणी समितीविना झालेली, म्हणजे बेकायदा. पुढच्या वेळी सातही जण हजर. आता कुत्रा धरायचा कुठे? पाय धरणं कोणाच्याच दर्जाला शोभेना. (साहेबाचे असते तर गोष्ट वेगळी.) तेव्हा चारी पाय वनाकडे आणि मानेवर सात सन्माननीय हात. दप्तरातली नोंद अशी: दोन हात, दाब सत्तावीस; चार हात, छत्तीस; सातही हात, अठ्ठेचाळीस. यावरून समितीने निष्कर्ष काढला, की दुखणं झपाट्याने वाढतंय.

"शेठजी, मान सोडा ना," वना काकुळतीला आला. "मान दाबी म्हनीसन काटा चढस. डोया चांगला शे."

"गप रे! डॉक्टर तू का मी?" शेठजी म्हणाले.

दोघेही नव्हते. जे होते ते भाईदास खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या बढतीची शिफारस याच समितीकडून जायची होती.

साहेब दौऱ्यावर. दाब तीनदा चाळिसावर गेला तर डोळा काढा, अशी त्यांची तार आली. तीनदा गेला; सभासदांनी कसूर केली नाही. डोळा काढला त्या दिवशी वना तबेल्यामागे जाऊन ढसाढसा रडला. काढलेला डोळा कापून पाहिला तर आत काडीचाही दोष नाही. समितीने नोंद केली, की शस्त्रक्रियेने दोष समूळ गेला.

मग साहेबाला मानपत्र द्यायचं ठरलं. त्यात एक वाक्य होतं, 'डोळा नासलेला आम्ही स्वतः पाहिला.' खाली चारशे बारा सह्या. ज्यांनी कुत्रासुद्धा पाहिला नव्हता त्यांनी अधिक सुवाच्य केल्या. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय! वनाचाही अंगठा मागितला.

"डोया मी रोज देखेल शे. चांगला व्हता," तो म्हणाला आणि अंगठा मुठीत आवळून उभा राहिला. त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं.

ते मानपत्र अजून जपून ठेवलंय. वाचकहो, जळगावला आलात तर अवश्य बघा. पहिल्या पानावर तुमच्या आजोबांचं नाव सापडलं नाही तर घाबरू नका, दुसरं पान उलटा. अंगठा न देणाऱ्यांची यादी वेगळी आहे. तिच्यात नाव एकच, आणि तुमच्या घराण्यातलं एकही तिच्यात जाणार नाही, एवढी खात्री समितीने तेव्हाच करून घेतली होती.